पाटकऱ्याला वाट विचारा

पत्र :
ताई, नमस्कार. आम्ही कोरेगावजवळच्या एका गावात राहतो. सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू अधू झाली. घरात काठी घेऊन दहा-वीस पावलं टाकतात, बाहेर व्हीलचेअर लागते. सासूबाईंचे गुडघे गेलेत. नणंदेचा मुलगा शिकायला आमच्याकडे असतो, सतरा वर्षांचा, त्याला फार कमी दिसतं. माझी मुलगी अकरा वर्षांची, एका जागी ठरत नाही, आणि मिस्टरांना गड चढायची आवड. सुट्टीत कुठल्या तरी धरणावर, तलावावर जायचं ठरतं आणि दर वेळी कुणीतरी गाडीतच बसून राहतं. गेल्या महिन्यात कासला गेलो, तेव्हा बाबा दीड तास गाडीत होते. आम्ही परत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी किती होतं गं?" मला रात्रभर झोप लागली नाही. धोम धरणाच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते ते, पाळीचं पाणी शेतांना सोडणारे, सगळा जन्म पाण्याकाठी गेला. आता मिस्टर म्हणतात, त्यांना घरीच ठेवू, उगाच त्रास कशाला. सासूबाई म्हणतात, मग मीही थांबते. सगळ्यांना एकत्र पाण्याकाठी फिरता येईल अशी जागा आपल्या साताऱ्यात आहे का?

उत्तर :
तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी पुन्हा पुन्हा त्या एका वाक्यावर येत राहिले. "पाणी किती होतं गं?" पाटकऱ्याच्या तोंडी हा प्रश्न सहज येत नाही. पाणी किती, म्हणजे पातळी कुठवर आली, सांडव्याला लागलंय का, यंदा रब्बीला पाण्याच्या किती पाळ्या मिळतील आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पोचेल का. ज्या माणसाने आयुष्यभर हे मोजलं, त्याला पाण्यापासून दोनशे पावलांवर काचेआड बसवलं गेलं. तुम्हाला झोप लागली नाही यात नवल नाही. तुमचं मन जागेवर आहे, एवढंच त्यातून कळतं.

माझी थोरली बहीण लहानपणीच पोलिओने अधू झाली. उजव्या पायाला कॅलिपर, काखेत दोन कुबड्या. मी कॉलेजात असताना एकदा भर मे महिन्यात तिला हट्टाने एका तलावावर घेऊन गेले. ती बांधावरून म्हणाली होती, "इथून दिसतंय की." मी ऐकलं नाही. पाणी आटून लांब गेलं होतं, मधला गाळ वरून वाळून कडक, भेगाळलेला दिसत होता. चार-पाच पावलं गेलो आणि तिची डावी कुबडी एकदम हातभर आत गेली. ओढून काढली तेव्हा टोकाचं रबरी बूच आतच राहिलं होतं. उघड्या लाकडाने परत फिरताना ती प्रत्येक दगडावर घसरत होती, आणि मी "सावकाश, सावकाश" म्हणण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. त्यानंतर कितीतरी वर्षं ती कुठल्याही पाण्यावर आली नाही. वाट तिला जमणारी नव्हती हे खरंच, पण त्याहून मोठी चूक ही की वाट ठरवताना मी तिला विचारलंच नव्हतं.

तुमच्या घरात जागा ठरवतं कोण? पत्रावरून वाटतं, ज्याचे पाय सगळ्यात धड आहेत तो. मग जागा फोटोत छान दिसणारी निघते आणि बाकीचे तिच्याशी जुळवून घेतात किंवा गाडीत बसतात. हे उलटं करा. सगळ्यात हळू चालणाऱ्याने जागा निवडायची. आणि तुमच्याकडे तर हळू चालणारा माणूसच पाण्याच्या वाटांचा सगळ्यात मोठा जाणकार आहे. हे तुम्ही पत्रात जाता जाता एका ओळीत लिहून गेलात!

आपला जिल्हा डोंगराळ. धरण म्हटलं की चढ, पायऱ्या, ओबडधोबड दगड हे डोळ्यांपुढे येतं. पण या डोंगराळ मुलखात सगळ्यात सपाट वाट कुठली, सांगा बरं. कालव्याच्या काठची. कालव्यातलं पाणी पंपाने ढकललेलं नसतं, ते नुसत्या उतारावर वाहतं आणि तो उतार हजारो फुटांना एखादा फूट इतका कमी ठेवलेला असतो. जास्त उतार दिला तर पाणी बांध कातरतं, कमी दिला तर गाळ बसतो. म्हणून कालवा डोंगराच्या कुशीने वळणं घेत घेत एकाच पातळीवरून जातो आणि त्याच्या काठचा मुरमाचा रस्ताही तसाच. व्हीलचेअरच्या उताराला एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी हवी, असं मानलं जातं. कालव्याच्या रस्त्यावर हा हिशोब करायची वेळच येत नाही. ज्यावर बाबांनी इतकी वर्षं सायकल मारली असेल, तोच हा रस्ता.

तेव्हा पहिलं काम हे. आज संध्याकाळी चहा झाला की बाबांसमोर बसा आणि विचारा, "बाबा, कॅनॉलचा कुठला टप्पा सगळ्यात गुळगुळीत आहे? सावली कुठे आहे? गाडी कुठपर्यंत जाते?" त्यांना बोलायला वेळ लागत असेल तर लागू द्या, वाक्य तुम्ही पुरं करू नका. कालव्याच्या कुठल्या दारावर वडाचं झाड आहे, कुठे मोरीवर गचका बसतो, कुठे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडल्यात, हे त्यांच्या डोक्यात असणार. गेल्या काही वर्षांत रस्ता बदलला असेल, म्हणून मिस्टरांना आधी एकदा मोटरसायकलवरून पाहून यायला सांगा. गड चढणाऱ्या माणसाला हे काम आवडेल. कुठे अडसर आहे, कुठे गेट लावलंय, कुठून परत वळायचं, हे त्यांनी येऊन बाबांना सांगायचं. हा रस्ता जलसंपदा खात्याचा आहे. काही ठिकाणी तो अडवलेला असतो, तिथे शाखा कार्यालयात विचारून मगच जावं. बाबांचं नाव सांगितलं की निदान नीट उत्तर तरी मिळेल.

कालव्याचा एक धोका मात्र मन घट्ट करून लक्षात ठेवा. सिमेंटच्या अस्तराच्या बाजू गुळगुळीत आणि शेवाळलेल्या असतात. पाणी छातीइतकं असलं तरी पडलेल्या माणसाला, पोहणाऱ्यालाही, वर चढता येत नाही. म्हणून खुर्ची नेहमी शेताच्या बाजूने चालवायची. थांबलात की दोन्ही ब्रेक लावायचे आणि खुर्चीचं तोंड रस्त्याच्या दिशेने ठेवायचं, पाण्याकडे कधीच नाही. भाच्यालाही शेताच्या बाजूला घ्या. मुलीला पहिल्याच मिनिटाला बजावा की काठावर जायचं नाही, दगड मारायला वाकायचं नाही. हे काटेकोर पाळता येणार नसेल तर कालवा सोडून द्या आणि जलाशयाच्या कडेचा डांबरी रस्ता घ्या.

तसे रस्ते आपल्याकडे आहेत. वाईहून मेणवली, धोम करत पुढे गेलात की जलाशयाच्या कडेने खोऱ्यात रस्ता जातो, समोर कमळगड दिसतो. सकाळी साडेसात-आठला तिथे वर्दळ फार नसते. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट पाहण्यासारखा आहे, पण घाट म्हणजे पायऱ्या, हे आधीच सांगून ठेवा. बाबा आणि सासूबाई वरच थांबणार असतील तर कुणीतरी त्यांच्यासोबत थांबायचं आणि मग अदलाबदल करायची. कण्हेरचा जलाशय साताऱ्याहून मेढ्याच्या रस्त्यावर आहे. अंतर कमी, म्हणून पहिल्या खेपेला बरा, पण त्या रस्त्याला महाबळेश्वरची वाहनं असतात, रविवारी नको. उरमोडी धरणाचं पाणी सगळ्यात सुंदर दिसतं ते सज्जनगडावरून. तिथे वाहनतळापासून पुढे पायऱ्या आहेत, त्यामुळे मिस्टर आणि मुलगी गडावर आणि बाकीचे खाली परळीच्या बाजूला, अशी वाटणी करायचा मोह होईल. पहिल्या दोन-तीन खेपांना ती करू नका. आधी एकत्र फिरायची सवय लागू दे.

महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतला. तिथे रस्ता, खाणं, बसायला जागा, सगळं आहे, पण घोडे आणि गर्दी इतकी की कमी दिसणाऱ्या मुलाला ते फार त्रासाचं होतं. आडवारी, सकाळी लवकर गेलात तरच. तीच वेण्णा नदी पुढे कण्हेरला अडते आणि संगम माहुलीला कृष्णेला मिळते. एका नदीचे हे तीन मुक्काम तीन खेपांत पाहायचे, असं मुलीला सांगून पाहा, तिला त्यात गंमत वाटेल. पूर्वेला, खटावात, मायणीचा तलाव आहे. मुलूख सपाट आणि हिवाळ्यात पक्षी. कासबद्दल मी जास्त लिहीत नाही. तुम्ही जाऊन आलात. पठारावरचा जांभ्याचा सडा ओला असला की धड पायांनाही घसरवतो. शिवाय फुलांवर पाय पडू नये म्हणून तिथे बंधनं आहेत आणि ती योग्यच आहेत.

कोयनेच्या जलाशयाकाठच्या बामणोलीचं मात्र सांगते, कारण बाबांना लाँचमध्ये बसवावं असं कधी ना कधी मनात येईल. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आणि वर्षभर ते पाणी वीज आणि शेतीसाठी वापरलं जातं, म्हणजे काठ सारखा सरकत असतो. पावसाळ्यानंतर पाणी वर असतं तेव्हा लाँच जवळ लागते. उन्हाळ्यात तेच पाणी खाली जातं आणि गाळातून, उतारावरून लांब चालावं लागतं. फळीवरून लाँचमध्ये चढणं अर्धांगवायूच्या माणसाला सोपं नाही. उचलून ठेवू म्हणणारी चार माणसं भेटतील, पण स्वतःचं अंग असं चारचौघांत उचललेलं बाबांना चालेल का, हे त्यांना एकांतात विचारा. नाही म्हणाले तर पुन्हा विषय काढू नका.

सरकत्या काठाचा हा नियम सगळ्याच धरणांना लागू आहे आणि तुमच्यासाठी तोच सगळ्यात कामाचा. ऑक्टोबर ते जानेवारी हे आपले महिने. धरणं भरलेली असतात, पाणी रस्त्याच्या जवळ आलेलं असतं, ऑक्टोबर सोडला तर ऊन सौम्य असतं. फेब्रुवारीनंतर पाणी मागे हटतं आणि मधे गाळ उघडा पडतो. त्यातल्या बऱ्याच जमिनीवर गाळपेर, म्हणजे उघड्या गाळात केलेली पेरणी असते, ती बहुतेक ठिकाणी धरणग्रस्त माणसं कसतात. ज्यांची घरं, शेतं पाण्याखाली गेली त्यांच्या हरभऱ्यातून आपण फिरायला म्हणून जायचं नाही. आणि धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात, खडकावर डबा उघडायचा नाही. दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजतो, पण व्हीलचेअर पात्रातून वर काढायला जेवढा वेळ लागतो तेवढा मिळेलच असं नाही. झाडाला किंवा भिंतीला आग्यामोहोळ दिसलं तर तिथून परत फिरायचं. आपल्यातला एक जण पळू शकत नाही.

आता खुर्चीबद्दल. दवाखान्यात मिळते तसल्या खुर्चीची पुढची चाकं लहान असतात, ती मुरमात रुततात आणि माणूस पुढे फेकला जातो. मुरूम आला की खुर्ची मागे कलती करून पुढची चाकं उचलायची आणि मोठ्या चाकांवर चालवायची. फारच रेताड असेल तर खुर्ची फिरवून पाठमोरी ओढायची. उतारावरही पाठमोरंच उतरायचं, म्हणजे बाबांचं वजन तुमच्याकडे राहतं. पट्टा लावल्याशिवाय निघायचं नाही. डावा हात मांडीवर उशीवर ठेवा. त्या हाताला जाणीव कमी असेल तर तो लोंबून चाकात अडकल्याचं त्यांना कळणारही नाही. दर अर्ध्या तासाने त्यांना थोडं एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर कलतं करा, नाहीतर बैठकीला जखमा होतात. आणि जिथे सपाट जागा आहे तिथे काठी हातात देऊन त्यांची दहा पावलं त्यांना टाकू द्या. घरात दहा पावलं टाकणारा माणूस कालव्यावरही टाकेल. हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्याच, विशेषतः रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळीची वेळ.

गोळीवरून निघालंच आहे तर सासूबाईंबद्दल. त्या "मीही थांबते" म्हणतात ते बाबांच्या प्रेमापोटी असेलच, पण मला आणखी एक शंका आहे. आपल्या बायका, त्यातही वय झालेल्या, फिरायला नको म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा कारण गुडघा नसतो, संडास-बाथरूम असतं. आडोशाला जावं तर बसता येत नाही, बसलं तर उठता येत नाही, आणि हे सुनेला सांगायचं कसं. त्या आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. तुम्ही स्वतःहून बोला. घडीची कमोड खुर्ची मिळते, ती डिकीत टाका. दोन जुनी नऊवारी लुगडी आणि दोरी घ्या, दोन झाडांमध्ये बांधली की चांगला आडोसा होतो. माझ्या बहिणीला मी पुन्हा बाहेर काढू शकले ते या एका तयारीवर. पहिल्यांदा ती लुगडी बांधलेली पाहिली तेव्हा ती काहीच बोलली नाही, पाण्याची बाटली मागून घेतली आणि निवांत प्याली.

गुडघ्यांसाठी एवढंच : चढापेक्षा उतार जास्त दुखवतो, त्यामुळे "परतताना उतारच आहे" हा दिलासा त्यांना देऊ नका. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची आणि तिची मूठ मनगटाच्या रेषेइतक्या उंचीवर हवी. एक घडीची खुर्ची मुलीच्या खांद्याला द्या. आज्जीने खूण केली की खुर्ची उघडायची, हे तिचं काम.

भाच्याचा हात तुम्ही धरत असाल तर थांबवा. त्याने तुमचा हात कोपराच्या थोडा वर धरायचा आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चालायचं. मग तुमच्या अंगाच्या हालचालीवरूनच त्याला वळण आणि खड्डा कळतो, ओढल्यासारखं होत नाही. आणि बोलत राहा. "डावीकडे पाणी, उजवीकडे आल्याचं शेत, समोर पूल" असं. बाबांच्या खुर्चीचं हँडल त्याला धरायला देता येईल का तेही पाहा. सपाट रस्त्यावर मिस्टर बाजूने चालत असतील तर दिशा ते सांगतील, जोर तो लावील. सतरा वर्षांच्या मुलाला सारखं कुणाच्या तरी हाताला लागून चालण्याऐवजी आजोबांना ढकलत नेता आलं, तर त्याची मान वर होईल.

मिस्टरांचं "त्रास कशाला" मला निष्ठुर वाटत नाही. वडिलांना असं पाहणं त्यांना सोसत नसेल. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. रस्त्याची पाहणी, खुर्चीची हवा, पट्टा, दोर. मुलीलाही नुसतं "धावू नकोस" म्हणू नका. दर थांब्याला तिने पुढच्या वळणापर्यंत जाऊन यायचं आणि काय दिसलं ते आजोबांना सांगायचं, सोबत वडील. ती दुप्पट चालेल, तिची हौस फिटेल आणि बाबांना वळणापलीकडची बातमी मिळेल.

पहिली खेप छोटी ठेवा. गाडीपासून पाचशे पावलं जाणं, पाचशे येणं, मधे एक लांब थांबा, डबा, चहा. तासाभरात परत. कुणाचा कंटाळा येण्याआधी, कुणाचं दुखण्याआधी. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वेगवेगळं विचारा की काय जड गेलं. बाबांना पहिल्यांदा.

निघण्याआधी आणखी एक. रब्बीची पाळी कधी सुटणार आहे, याची चौकशी बाबांनाच त्यांच्या एखाद्या जुन्या जोडीदाराला फोन लावून करू द्या. कोरड्या कालव्यावर नेऊ नका त्यांना. पाणी सुटल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जा, तोवर पातळी स्थिर झालेली असते. एखाद्या दारापाशी सुरक्षित अंतरावर खुर्ची थांबवा, ब्रेक लावा आणि पाणी किती आहे ते त्यांना तुम्हाला सांगू द्या.